आपण म्हणजे कोण?

पाहुण्यांसाठी आडवेलीच्या शेवाळ-सोसायटीत पंधरा माणसांचा स्वयंपाक झाला होता, आणि होडीतून उतरलं एकच माणूस.

पंचविशीतलं, सडपातळ, बारीक कापलेले केस, पाठीवर भलीमोठी पिशवी. धक्क्यावर पाय ठेवताच त्या माणसानं हसून हात जोडले. होडी रिकामी झाली, तरी धक्क्यावरच्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. फळ्यांखालून अजून कोणीतरी निघेल असं त्यांना वाटत असावं.

"बाकीचे मागनं येतायत काय?" हेमांगी मोंडकरनं विचारलं.

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या, स्कॉटलंडहून आलेल्या एल्स्पेथला तिचा प्रश्न कानामागच्या यंत्रातून इंग्रजीत ऐकू आला. ती गोंधळली. "बाकीचे कोण? हे रोवन. मी रोवनबद्दलच सांगितलं होतं."

सांगितलं होतं, यात शंका नव्हती. तीन दिवसांपूर्वी सगळ्यांच्या कानात शब्द पडले होते ते असे: आपले शेवाळतज्ज्ञ गुरुवारी येत आहेत. ते सगळं खातात, मासे त्यांना फार आवडतात, आणि टाक्यांजवळ झोपायला त्यांना जागा लागेल. एवढं ऐकल्यावर हेमांगीनं सुरमई आणवली, सतरंज्या झटकल्या आणि शाळेतून तीन पंखे मागून आणले.

ऋजुताला हसू आवरेना. ती दर्शना कुबलची सून. पुण्यात वाढलेली, भाषाशास्त्र शिकलेली. नवरा सर्वेश मालवाहू जहाजावर असल्यामुळे दोन वर्षांपासून सासूजवळ आडवेलीत राहत होती. कानात यंत्र न घालता इंग्रजी समजणारी गावात ती एकटीच.

"आई, चूक कोणाचीच नाही," ती सासूला म्हणाली. "इंग्रजीत 'दे' म्हणजे ते, अनेक जण. पण एखादा माणूस बाई की बुवा हे माहीत नसलं, तर त्या एकट्यालाही 'दे' म्हणायची रीत त्यांच्यात फार जुनी आहे. आता काही माणसं स्वतःसाठीच तो शब्द निवडतात. रोवनना 'ही' म्हणजे तो नको आणि 'शी' म्हणजे तीही नको. म्हणून 'दे'."

दर्शनानं रोवनकडे एकदा नीट पाहिलं. "त्यात काय एवढं? जावई एकटाच येतो, तरी आपण 'ते आले' म्हणतोच की. चला हो रोवन, हात धुवा. पंधरा जणांचं जेवण आहे, लाजू नका."

रोवन खरोखरच लाजले नाहीत. उरलेली सुरमई घरोघर वाटली गेली आणि दिवस हसण्यात गेला.

आडवेली खाडीच्या तोंडाशी आहे. समुद्र तापू लागल्यावर मासळी खोल पाण्यात सरकली, तेव्हा इथल्या बायकांनी दोऱ्यांवर शेवाळ लावायला घेतलं. तांबूस, बोटाएवढ्या जाड फांद्यांचं शेवाळ. त्याचा चिकट रस आइस्क्रीमपासून औषधी गोळ्यांपर्यंत कुठेकुठे लागतो. शेतात त्याची लागवड बियांपासून करत नाहीत. फांदी तोडायची, दोरीला बांधायची, तीच वाढते. म्हणजे अख्खं पीक एकाच रोपाचे तुकडे. एका तुकड्याला जे सोसत नाही ते कुठल्याच तुकड्याला सोसत नाही.

एका उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की सगळ्या किनाऱ्यावरचं शेवाळ पांढरं पडून गळून गेलं. दर्शनाच्या दोरीवर मात्र, आत काय आपोआप बदललं कोण जाणे, चार-दोन फांद्या तांबड्याच राहिल्या. तिनं त्या वेगळ्या काढून सावलीतल्या पाण्यात जपल्या आणि पुढच्या वर्षी बायकांना वाटल्या. त्यातल्या ज्या पुढचा उन्हाळा काढतील तेवढ्याच ठेवायच्या, असं ठरलं. दहा-बारा वर्षं हे चाललं. शेवटी बायकांच्या हाती असं वाण आलं, जे गरम पाण्यातही जोमानं वाढत होतं. तसं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

ते वाण हवं होतं म्हणून स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावच्या एका कंपनीनं एल्स्पेथ मॅकफीला पाठवलं होतं. पन्नाशीची, उन्हानं लाल झालेली, चिखलात पाय घालायला न कचरणारी बाई. तिला मराठीचा गंध नव्हता आणि बायकांना इंग्रजीचा. पण आता त्यानं कोणाचं अडत नव्हतं. कानामागे बसणारं शेंगदाण्याएवढं यंत्र घरोघरी आलं होतं. पेटीवर त्याचं लांबलचक संस्कृत नाव छापलेलं असे, पण सगळे त्याला 'कानातलं' म्हणत. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, त्याच्याच आवाजात तुम्हाला मराठी ऐकू येई. त्याचे ओठ वेगळे हलतात हेदेखील काही दिवसांनी जाणवेनासं होई.

एल्स्पेथच्या बोलण्यानं बायका जिंकल्या गेल्या होत्या. आधी आलेले व्यापारी 'तुम्हाला हे देऊ, तुम्हाला ते देऊ' अशी भाषा करायचे. ही म्हणे, "मूळ वाण आपण ग्रीनॉकच्या प्रयोगशाळेत जपून ठेवू. दर हंगामाला तिथून रोपं पाठवू. माल कुठे द्यायचा ते आपण ठरवू." आपण! दर्शना सोसायटीची अध्यक्ष. तिची आणि एल्स्पेथची तर घट्ट मैत्री जमली होती. रोज संध्याकाळी दोघी धक्क्यावर पाय सोडून बसत आणि गप्पा मारत. नवरा गेल्यापासून दर्शना इतकं कोणाशी बोललेली ऋजुतानं पाहिलं नव्हतं.

करारावर सोसायटीची सभा शनिवारी होती.

त्याच गुरुवारी दुपारी मोठी पातेली घासताना ऋजुताला एक शब्द टोचू लागला. आपले शेवाळतज्ज्ञ. 'ते'चा घोळ सगळ्यांच्या लक्षात आला, पण 'आपले' का? रोवन कंपनीचे नोकर. एल्स्पेथ 'अवर' म्हणाली असणार. मराठीत त्याचं 'आमचे' व्हायला हवं होतं.

इंग्रजीत 'वी' एकच. त्यात ऐकणारा धरला आहे की नाही, हे शब्द सांगत नाही. मराठीला ते सांगावंच लागतं. 'आम्ही जेवायला बसतोय' म्हटलं तर समोरच्यानं निघायचं असतं, 'आपण जेवायला बसू' म्हटलं तर हात धुवायचे असतात. कानातल्याला प्रत्येक 'वी'पाशी थांबून दोनातला एक शब्द निवडावा लागतो.

बैठकांचं मूळ बोलणं साठवून ठेवायला एल्स्पेथनं पहिल्याच दिवशी परवानगी दिली होती. ऋजुता माजघरात बसून ते ऐकू लागली. एका कानात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. वी, आपण. वी, आपण. कंपनीच्या इमारतीबद्दलचं वी, मालकांच्या निर्णयाबद्दलचं वी, सगळ्यांचं आपण. ती शेवटपर्यंत ऐकत गेली. इतक्या दिवसांत कानातल्यानं एल्स्पेथच्या तोंडी एकदाही 'आम्ही' घातलं नव्हतं.

तिनं पुण्याला निनादला फोन लावला. ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत दोघांनी काही वर्षं एकत्र काम केलं होतं. निनाद अजून तिथेच होता.

"प्रत्येक 'वी'चं सरसकट 'आपण' होतंय, ते यंत्राची नवी आवृत्ती आल्यापासून का?" तिनं विचारलं.

"होत असेल," निनाद म्हणाला. "पूर्वी यंत्र बोलणाऱ्याकडे बघायचं. त्याची नजर कोणाकडे आहे, मागचं वाक्य काय होतं, त्यावरून ठरवायचं. नवी आवृत्ती ऐकणाऱ्याकडून शिकते. यंत्र कानामागे चिकटलेलंच असतं, त्याला तुझी नाडी कळते. भाषांतर चुकलं की माणूस अडखळतो, नाडी किंचित चढते. नीट झालं की स्थिरावते. म्हणून ज्यानं नाडी शांत राहते ते भाषांतर चांगलं, असं ती मानते."

"आणि 'आम्ही' ऐकलं की माणूस आखडतो."

"थोडासा. 'आपण' ऐकलं की सैलावतो. कोट्यवधी वेळा तसं झालं, यंत्र शिकलं. कोणी मुद्दाम शिकवलं नाही."

"म्हणजे ते खोटं बोलायला शिकलं, निनाद."

"खोटं नाही गं, गोड. लोक खूश आहेत. एक तक्रार नाही आजवर."

"तक्रार करणार कोण? ज्याला मूळ बोलणं समजतं, तो कानातलं घालतच नाही."

निनादचा आवाज उतरला. "मी वर बोलतो," तो म्हणाला. "पण शनिवारपर्यंत काही बदलणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

दर्शना मागच्या पडवीत दोऱ्यांच्या गाठी तपासत बसली होती. ऋजुतानं तिला सगळं सांगितलं. मूळ वाण ग्रीनॉकला राहणार ते कंपनीच्या ताब्यात. रोपं पाठवणार ती कंपनी. माल कुठे जाणार ते ठरवणार कंपनी. एकदा सही झाली की आपल्याच शेवाळाची फांदी आपल्याला दरवर्षी मागून घ्यावी लागेल.

दर्शनाचे हात थांबले नाहीत. "एल्स्पेथ फसवते आहे म्हणतेस?"

"नाही. ती सरळच बोलते आहे. कानातलं ते फिरवून तुमच्यापर्यंत पोचवतंय."

"का फिरवील ते?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

आता हात थांबले. दर्शनानं मान वर केली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ऋजुताला वाटलं, चढला असता तर बरं.

"मला बरं वाटतं, त्याचाच त्रास होतोय ना तुला? नऊ वर्षं झाली तू या घरात आलीस त्याला. तू आणि सर्वेश मिळून 'आम्ही'. आम्ही पुण्याला घर बघतोय. आम्ही दिवाळीला येऊ. आम्ही ठरवलंय. मी त्यात कधी होते गो? सांग, एकदा तरी होते? ती साता समुद्रापलीकडची बाई मला आपल्यात धरून बोलते, तर तू सांगायला आलीस की ते यंत्राचं आहे, तिचं नाही."

ऋजुताच्या आणि सासूच्या मध्ये कुठलंही यंत्र नव्हतं. दोन्ही शब्द तिच्या जिभेवर होते, आणि दर वेळी तिनंच त्यातला एक निवडला होता.

ती तिथून उठून गेली असती तर कोणी दोष दिला नसता. पण ती बसून राहिली.

"माझं जे आहे ते आहे," ती हळूच म्हणाली. "त्याबद्दल तुम्ही मला काहीही बोला, मी ऐकून घेईन. पण शनिवारी सही कराल ती 'आपण' ऐकून कराल, आणि कागदावर 'आम्ही' असेल. तेव्हा आज गप्प बसले म्हणून तुम्ही मला माफ करणार नाही. मीही करणार नाही."

दर्शनानं दोरी पुन्हा हातात घेतली. बोलणं तिथेच संपलं. संध्याकाळी ती नेहमीसारखी कानातलं घालून धक्क्यावर गेली. दुसऱ्याही दिवशी गेली. घरात दोघी मीठ-पाण्यापुरतं बोलत होत्या.

शनिवारी सोसायटीचा हॉल भरला. एल्स्पेथ आणि रोवन पुढे बसले होते. दर्शना उठली, कानामागचं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आज कोणी कानातलं घालायचं नाही," ती म्हणाली. "माझी सून दोन्हीकडचं सांगेल."

हेमांगीला ते पटलं नाही. "एवढे दिवस चांगलं चाललंय की, काकी."

"फारच चांगलं चाललंय. परवा संध्याकाळी मी एल्स्पेथला मुद्दाम तिच्या लहानपणाचं विचारलं. ती सांगायला लागली, आपण गोदीजवळ राहायचो, आपला बाप जहाजं जोडायचा, आपण थंडीत शाळेत चालत जायचो." दर्शनानं हॉलभर नजर फिरवली. "मी कधी गेले होते गो ग्रीनॉकच्या शाळेत?"

आधी एक-दोघी हसल्या. मग हसू थांबलं, आणि एकेक करून कानातली उतरू लागली.

ऋजुतानं एल्स्पेथला इंग्रजीत सगळं समजावलं. एल्स्पेथचा चेहरा आधी कोरा होता, मग तांबडा झाला. तिनंही कानातलं काढलं. दर्शनानं पहिल्या वाक्याबद्दल विचारलं. मूळ वाण 'वी' ग्रीनॉकला ठेवणार, त्या 'वी'मध्ये मी आहे का?

"नाही," एल्स्पेथ म्हणाली. "तिथे मी कंपनीबद्दल बोलत होते. मला वाटलं ते स्पष्टच आहे."

"आम्ही," ऋजुतानं मराठीत सांगितलं.

दर हंगामाला रोपं पाठवणार ते कोण? आम्ही. माल कुठे द्यायचा ते ठरवणार कोण? आम्ही. एकेका 'आम्ही'बरोबर हॉलमध्ये खुर्च्या करकरत होत्या. बायकांचे चेहरे आवळत चालले होते, आणि ऋजुताच्या मनात आलं, एव्हाना किती नाड्या चढल्या असतील.

"आणि संचालक मंडळावर जी जागा देणार होतात, ती?" दर्शनानं विचारलं. "तुम्हाला जागा मिळेल, असं ऐकलं मी. तुम्हाला म्हणजे सोसायटीला, असं मी सगळ्यांना सांगून बसले."

एल्स्पेथनं कपाळाला हात लावला. "तुला. तुला एकटीला, दर्शना."

हेमांगीनं वळून दर्शनाकडे पाहिलं. ऋजुतानं घाईनं मध्ये तोंड घातलं. "हा खेळ तर आपलीही भाषा खेळते. 'तुम्हाला' म्हणजे मान देऊन एकीला, किंवा मान न देता सगळ्यांना. पूर्वी इंग्रजीत एकाला 'दाऊ' म्हणत आणि अनेकांना 'यू'. मग मोठ्या माणसाला मान म्हणून 'यू' सुरू झालं, आणि हळूहळू सगळ्यांनाच तो मान मिळाला. 'दाऊ' संपलं. म्हणून एकटा माणूस असला तरी त्यांचं क्रियापद अजून अनेकवचनीच आहे. एल्स्पेथ 'यू' म्हणाली, आईंनी 'तुम्ही' ऐकलं. दोन्ही शब्दांत मोजदाद नाही."

"मला ठाऊक नव्हतं गो," दर्शना हेमांगीला म्हणाली.

"ते दिसतंय तुझ्या तोंडावर," हेमांगी म्हणाली आणि पुन्हा पुढे बघू लागली.

मग एल्स्पेथनं हात वर केला. तिलाही विचारायचं होतं. "मागच्या आठवड्यात दर्शना म्हणाली होती की मूळ वाण वी कोणाच्या हाती देणार नाही. मी मालकांना कळवलं, आपलं आणि गावाचं एकमत आहे, वाण इतर कंपन्यांना मिळणार नाही. ते 'वी' कोणतं होतं?"

ऋजुतानं प्रश्न मराठीत केला. दर्शना ताठ उभी होती.

"आम्ही," ती म्हणाली. "कोणाच्याच हाती. तुमच्याही."

खिडकीबाहेर खाडीत एक होडी फटफट करत गेली. दर्शनाचा पुढचा प्रश्न सोसायटीचा नव्हता, हे ऋजुताला तिच्या आवाजावरून कळलं.

"विचार तिला. आपण पुढच्या वर्षी देवगडचं दीपगृह बघायला जाऊ, असं म्हणाली होती. तेही कंपनीबरोबर जाणार होती काय?"

ऋजुतानं विचारलं. एल्स्पेथनं उत्तर ऋजुताला दिलंच नाही. ती दर्शनाकडे वळली, आधी तिच्याकडे आणि मग स्वतःकडे बोट करून तिनं मान हलवली. तू आणि मी. भाषांतराची गरज पडली नाही. दर्शनानं पदराचं टोक उगाच ओढून सारखं केलं.

"बरं," ती म्हणाली. "मग एवढं तरी खरं होतं. आता कामाचं बोलू."

कामाचं बोलणं दुपार संपेपर्यंत चाललं. मूळ वाण आडवेलीतच राहील. कंपनीला हंगामात तोडलेल्या फांद्या मिळतील, वाण नाही. प्रयोगशाळा हवी तर ती इथे, खाडीच्या काठावर होईल. मंडळावरची जागा सोसायटीची असेल आणि तिथे कोण बसेल ते बायका निवडतील. कराराच्या दोन्ही भाषांत कुठेही 'आम्ही', 'आपण', 'तुम्ही' येणार नाही, दर वेळी पूर्ण नाव येईल. रोवन इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीनं हेच शहाणपणाचं आहे. हे वाण या पाण्यात घडलं आहे, थंड देशातल्या टाकीत ठेवलं तर चार पिढ्यांत त्याचा कणखरपणा जाईल. एल्स्पेथनं त्यांच्याकडे डोळे वटारले. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं नव्हतं," रोवन म्हणाले.

एल्स्पेथला हे सगळं घेऊन ग्रीनॉकला परत जावं लागणार होतं. मालक ऐकतील याची तिला खात्री नव्हती, आणि ते तिनं लपवलं नाही.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर दर्शना म्हणाली, "परवाचं बोलणं मी मागं घेत नाही हां."

"घेऊ नका," ऋजुता म्हणाली. "खरंच होतं ते."

सासूनं तिच्यापुढे चहा ठेवला. दोघींनी तो समोरासमोर बसून घेतला, आणि आदल्या दोन दिवसांचा कडवटपणा त्यात नव्हता. आठवड्याभरानं सर्वेशचा जहाजावरून फोन आला. पुण्याच्या फ्लॅटची निवड दोनवर आली होती, कोणता घ्यायचा ते त्याला त्याच दिवशी कळवायचं होतं. ऋजुतानं फोन सासूच्या हातात दिला. "घराचं आधी आईंशी बोल," ती म्हणाली. फोन अर्धा तास चालला आणि फ्लॅट दोन्हीही नाकारले गेले. एकात म्हणे स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती, आणि हे इतक्या महिन्यांत दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

निनादनं शब्द पाळला. कानातल्याच्या पुढच्या आवृत्तीत एक बटण आलं. ते दाबलं की यंत्र नाडीकडे दुर्लक्ष करून बोलणाऱ्याकडे बघायचं, आणि कळलं नाही तर 'आम्ही की आपण, नक्की नाही' असं सरळ सांगायचं. शहरांत फार थोड्यांनी ते दाबलं. गोड ऐकायची सवय लागली होती. काहींनी दाबलं आणि दोन दिवसांत परत बंद केलं. त्यांची घरं, मैत्र्या, नोकऱ्या एकाएकी थंड वाटू लागल्या होत्या म्हणे. आडवेलीत मात्र ते घरोघर दाबलं गेलं. हेमांगी ज्याच्या-त्याच्या कानामागे बोट घालून तपासायची.

नारळी पौर्णिमा झाल्यावर एल्स्पेथ परत आली. हॉल पुन्हा भरला. या वेळी ती बसली नाही. ऋजुता तिच्या शेजारी भाषांतराला उभी राहिली.

एल्स्पेथनं सुरुवात केली, "यू विल कीप..." आणि थांबली. ऋजुता विचारणारच होती की कोणतं यू. एल्स्पेथनं हात वर करून तिला थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर एक मिश्कील हसू आलं.

"यूझ," ती म्हणाली.

ऋजुतानं चमकून तिच्याकडे पाहिलं. एल्स्पेथनं दोन्ही हात पसरले, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मागच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांपर्यंत, आणि प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, "यूझ कीप इट. यूझ डिसाइड. ऑल ऑफ यूझ."

मग तिनं ऋजुताला सांगितलं. मालकांनी सगळं मान्य केलं होतं, वाण सगळ्या बायकांकडेच राहणार होतं आणि ठरवणारही त्याच होत्या. ग्रीनॉकच्या गल्लीत अनेकांना 'यूझ' म्हणतात. तिची आई म्हणायची, गोदीतले कामगार म्हणायचे. शाळेत बाई तो शब्द ऐकला की सगळ्या वर्गासमोर उभं करायच्या, असा शब्द इंग्रजीत नाही म्हणायच्या. एल्स्पेथनं तो इतका गिळला होता की पन्नाशीपर्यंत पुन्हा तोंडावर आला नव्हता.

ऋजुता हे मराठीत सांगायला वळली, पण हॉलमध्ये तिचं ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. एल्स्पेथचे पसरलेले हात बघूनच बायका उठल्या होत्या. टाळ्या वाजत होत्या, कोणी कोणाला मिठी मारत होतं. दर्शनानं तेवढं जागेवर बसून ऋजुताचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग गलक्यातून ऋजुताला तिचा आवाज ऐकू आला. शाळेतल्या मुलीसारखी ती तो शब्द पुन्हापुन्हा म्हणून बघत होती, "यूझ. यूझ." मग ती उठून उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "त्या मास्तरणीचं चुकलंच."